बोट कोणाकडे दाखवावे?

आमच्या परभणीबद्दल दोन वचनं प्रसिद्ध आहेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही पाहुण्यांना ऐकवतो आणि ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे पाहुणे आम्हाला ऐकवतात. दुसऱ्या वचनात काम करण्याचं एक अख्खं तत्त्वज्ञान आहे. जमलं तर जमलं. नाही जमलं तर ‘कामून नाही जमलं’ या फंदात पडायचं नाही; ‘कोणामुळं’ एवढंच शोधायचं. तो सापडला की सगळे गाढ झोपायला मोकळे.

लग्नकार्याचंच घ्या. आमच्या घराण्यातल्या एका लग्नात पंगत अर्ध्यावर असताना बुंदी संपली. रात्री सतरंजीवर बैठक बसली आणि अर्ध्या तासात गुन्हेगार सापडला : नवरीचा मामा. कोठीची किल्ली त्याच्याकडे होती. तेव्हापासून तो बिचारा ‘बुंदीवाला मामा’ झाला तो झालाच. पुढच्या लग्नात त्याला कोठीच्या आसपासही फिरकू दिलं नाही, आणि बुंदी पुन्हा संपली. कारण पानं किती उठणार, हे दोन्ही वेळेला कोणी मोजलंच नव्हतं!

संगणकवाल्यांनी यावर एक उपाय काढला आहे. 2020 साली टाळेबंदी लागली आणि पुण्याला नोकरी करणारा माझा पुतण्या संगणक काखोटीला मारून परभणीला आला. दर दुसऱ्या शुक्रवारी तो दार लोटून ‘रेट्रो’ला बसायचा. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असावा, असं आमच्या हिला वाटलं. पण ते निघालं ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’, म्हणजे मागं वळून पाहण्याची बैठक. पंधरा दिवसांत काय बरं झालं, काय बिघडलं आणि पुढच्या पंधरा दिवसांत नेमकं काय बदलायचं, एवढंच तिथं बोलायचं. 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या युटा राज्यात, बर्फाच्या डोंगरावर 17 जण जमले आणि त्यांनी ‘अजाइल’ नावाच्या पंथाचा जाहीरनामा काढला. त्याच्या 12 तत्त्वांपैकी शेवटचं हेच : ठरावीक काळानं थांबा, मागं पाहा आणि आपली चाल सुधारा.

त्याच वर्षी नॉर्म कर्थ नावाच्या गृहस्थांनी या बैठकांवर पुस्तक लिहिलं. त्यात बैठकीचा पहिला नियम असा, की प्रत्येकानं त्या वेळी त्याला जे ठाऊक होतं, जे येत होतं आणि हाताशी जे होतं, त्यात जमेल तितकं उत्तमच केलं, असं धरून चालायचं.

हा नियम ऐकून ही म्हणाली, “म्हणजे कामचुकारालाही ओवाळायचं का रे?”

प्रश्न बिनतोड होता. पुतण्यानं एक उदाहरण दिलं. एका गुरुवारी रात्री त्यांच्यातल्या एकानं नवा बदल चालू केला आणि पहाटेपर्यंत गिऱ्हाइकांचे पैसेच भरले जाईनात. बैठकीत ‘कोणी केलं’ हे कोणी विचारलं नाही. ते सगळ्यांना ठाऊकच होतं. विचारलं ते हे, की दुसऱ्या कोणी न तपासता एकट्या माणसाला रात्री हे करता आलंच कसं? तेव्हा त्या पोरानंच सांगितलं, की तपासणीला दोन दिवस लागतात म्हणून सगळेच ती टाळतात. हे वाक्य म्हणजे खरा खजिना. दटावलं असतं तर ते त्याच्या तोंडून निघालंच नसतं.

म्हणजे तो नियम चारित्र्याचा दाखला नव्हे, सत्याचं भाडं आहे. डॉक्टरनं ‘तंबाखू खाता का?’ विचारताना डोळे वटारले, तर रोगी ‘छे’ म्हणतो आणि औषध चुकतं. आळशाचे कान उपटायचेच असतील, तर ते नंतर, एकांतात. चव्हाट्यावर शिक्षा वाटायला लागलो, की माणसं सत्य घरी ठेवून येतात.

पण खरी मेख पुढंच आहे. “काका, ज्या दिवशी मोठे साहेब बसतात ना,” पुतण्या म्हणाला, “त्या दिवशी सगळे लिहितात, ‘संवाद वाढवायला हवा’.” वा! कोणाला लागत नाही आणि काही सुधारतही नाही. कारण पगारवाढ साहेबांच्याच हातात. क्षमेचा नियम वाचून दाखवायला काही पडत नाही. पण इथं ऐकलेलं वर्षअखेरीला वापरणार नाही, एवढा अधिकार ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला सोडावा लागतो. आणि तो सोडणं जिवावर येतं.

आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. दासीपण मिरवणारी ती बाई आपल्या अभंगांतून साक्षात विठ्ठलाला बोल लावते, आणि त्यानं काही तिची वारी बंद केली नाही. तो कमरेवर हात ठेवून ऐकत उभा. त्या मूर्तीचं मर्म मला आता कळतं. दोन्ही हात कमरेवर असले, की कोणाकडे बोट दाखवायला एकही मोकळा राहत नाही.