पेलींचा पट्टा

घोट्याच्या पुढच्या अंगाला एक पट्टा असतो, एक्स्टेन्सर रेटिनॅक्युलम. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा नडगीवरून उतरतात, घोट्याशी जवळजवळ काटकोनात वळतात आणि पावलावर जातात. पट्टा नसता तर पाऊल उचलताच त्या धनुष्याच्या दोरीसारख्या कातडीखाली उठून आल्या असत्या.

इंग्लंडमधले धर्मशास्त्री विल्यम पेली यांनी 1802 साली ‘नॅचरल थिऑलॉजी’ लिहिलं. त्यातला घड्याळाचा दृष्टान्त सर्वांना ठाऊक असतो. घोट्याचा हा पट्टाही त्यात आहे. जन्मभर शरीररचना शिकवलेल्या मला तो तिथे भेटल्याची गंमत वाटली. पेली म्हणतात, दोऱ्या उसळू नयेत म्हणून कुणीही कारागीर त्या बांधेल. इथे त्या बांधलेल्या आहेत, तेव्हा कारागीर आहे. पट्टा कापला की कंडरा उसळतात, हेही ते सांगतात, आणि ते खरं आहे. आपले नैयायिक घटावरून कुंभाराकडे जातात ती हीच वाट. मीमांसकांना ती कधी पटली नाही.

याच पट्ट्याखालून डीप पेरोनियल नर्व्ह जाते. बुटाची नाडी करकचून आवळली की ती दबू शकते, मग अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात बधिरपणा येतो. फारच झालं तर सर्जन पट्टा सोडवतात. पण हा काही पेलींवरचा आक्षेप नव्हे. घड्याळ कधी बिघडतं म्हणून घडवणारा नव्हता असं ठरत नाही, हे त्यांनी आधीच म्हणून ठेवलंय.

माझी अडचण डिसेक्शनच्या टेबलावरची आहे. मुलं विचारतात, “मॅडम, पट्ट्याची कड नेमकी कुठे?” तशी कड नसतेच. पायाला लपेटणारा डीप फॅशिया इथे जाड होतो, एवढंच. वरखालचा फॅशिया आपण कापून टाकतो, तेव्हा कुठे पुस्तकातल्यासारखा वाय आकाराचा सुबक पट्टा हाती लागतो. म्हणजे पेलींना जी वेगळी आणून बांधलेली वस्तू वाटली, तिच्या कडा आमच्या स्काल्पेलने काढलेल्या असतात. कारागीर शोधायचाच तर आधी आमच्याकडे बघावं लागेल.

मी देव मानते, रोज दिवा लावते. घोटा बघून मानायला लागले नाही, घोट्यामुळे सोडणारही नाही. पेली माझ्याकडे तोंडी परीक्षेला आले असते तर शरीररचनेत मी त्यांना चांगले गुण दिले असते. ईश्वरसिद्धीत नापास.