ठरलेली मजुरी आणि न्याय्य मजुरी

मुंबईतील मजुरांच्या कोणत्याही नाक्यावर सकाळी हेच दृश्य दिसते. रंगारी ब्रश घेऊन, गवंडी थापी घेऊन आणि बिगारी नुसतेच दोन हात घेऊन उभे असतात. ठेकेदार येतो, दर सांगतो. कुणी होकार देतो आणि व्यवहार पुरा होतो. यात बळजोरी नाही, फसवणूक नाही. मग अन्याय कुठे आहे, असा प्रश्न सज्जन माणसालाही पडतो.

१९७२ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने केनियाविषयी अहवाल प्रसिद्ध केला आणि ‘अनौपचारिक क्षेत्र’ हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला. तेथील शहरांतले गरीब रिकामटेकडे नाहीत; ते राबतात आणि तरीही गरीब राहतात, हे त्या अहवालाने दाखविले. भारतातही दहापैकी जवळजवळ नऊ कामगार अशाच असुरक्षित कामावर जगतात. तेव्हा आळसामुळे दारिद्र्य येते, ही समजूत आपण सोडून द्यावयास हवी.

ज्याला दुसरा पर्यायच नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणावे काय? पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात या प्रश्नाचा विचार केला आहे. गरजेपोटी कामगाराने अपुरे वेतन मान्य केले, तरी अन्याय तो अन्यायच. कारण श्रम केल्यावाचून त्याला जगताच येत नाही.

‘काम कायमचे नाही, मग हक्क कसले?’ असेही म्हटले जाते. माथाडींनी हा युक्तिवाद खोटा पाडला. रोज वेगळ्या मालकाचा बोजा वाहणाऱ्या हमालांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी व लेव्ही मंडळाकडे भरावी, मंडळाने कामगाराला वेतन व भविष्य निर्वाह निधी द्यावा, अशी ती व्यवस्था. मालक बदलला, तरी हक्क बदलत नाहीत.

घरकामगारांसाठी २००८ साली राज्यात कल्याण मंडळाचा कायदा झाला खरा. परंतु आपल्या स्वयंपाकघरात निरीक्षक येत नाही. तेथे आपली सदसद्विवेकबुद्धी हीच काय ती साक्षीदार. मोलकरीण तापाने पडली तर खाडा कापावा काय? ‘सगळीकडे हाच दर आहे,’ असे आपण म्हणतो. त्या दरावर तिची चूल महिनाभर पेटते काय, हे मात्र विचारीत नाही. आठवड्याची भरपगारी सुटी आणि आजारपणात न कापलेला पगार, हे दान नव्हे, असे आम्हांला वाटते. ते तिचे आपल्याकडे राहिलेले देणे आहे. दानाचा विचार ते फेडल्यानंतर करावा.