ताटी ढकलली का नाही?

गेल्या एकादशीला आमच्या भजनी मंडळात ताटीचे अभंग झाले. लोकांच्या निंदेने विटून ज्ञानेश्वर झोपडीचं दार लावून बसले आणि धाकट्या मुक्ताईने बाहेर उभं राहून त्यांची समजूत काढली, ही गोष्ट मराठी घरात कुणाला सांगावी लागत नाही. मला मात्र त्या रात्री एक साधी गोष्ट खटकली. ताटी म्हणजे असते काय? कामट्यांची झडप. शेंबड्या पोराने ढकलली तरी बाजूला होईल. मग मुक्ताईने ती ढकलली का नाही?

खटकायला कारण घरातच होतं. नातवाचं आठवडाभर राउटरशी भांडण चाललं होतं.

नातू एकोणीस वर्षांचा. तो आणि नागपूरचा त्याचा आतेभाऊ ‘एल्डन रिंग’ खेळतात. २०२२ सालचा जपानी खेळ. त्यात मदतीला यायचं असेल तर जमिनीवर खूण करून ठेवायची. ज्याला गरज असेल त्याने त्या खुणेला हात लावून बोलवायचं. बोलावलं की दोघांची यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात. आमच्याकडे खूण दिसायची, पण हात लावला की बोलावणं फसायचं. पीएस५ वर चाचणी घेतली तर ‘नॅट टाइप ३’.

“आबा, नेट तर जोरात चालतंय. मग हेच का नाही?”

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढली, शेवटची पनवेलला. तार तुटली असती तर मी शोधली असती. इथे तार शाबूत होती, दार बंद होतं.

घरातल्या प्रत्येक यंत्राला आमचा राउटर १९२.१६८ ने सुरू होणारा नंबर देतो. शेजारच्या फ्लॅटमध्येही तसाच, नागपुरातही तसाच. बाहेरच्या जगात तो कुणाचाच पत्ता नाही. आतून काही बाहेर निघालं की राउटर त्यावर आपला पत्ता चिकटवतो आणि वहीत नोंद करतो, अमक्याने तमक्याला पाठवलं. उत्तर आलं की वही बघून आत सोडतो. नोंद नसेल तर आलेलं पॅकेट दारातच टाकून देतो. आलेला सज्जन की चोर, हे तो विचारत नाही. आतून कुणी याला हाक मारली होती का, एवढंच बघतो. याचंच नाव नॅट.

आता दोन्ही घरांना अशी ताटी. दोघेही आत बसून दुसऱ्याची वाट बघणार. पहिली हाक कुणाची आत जाणार?

नोकरीची सुरुवातीची वर्षं मी एकेरी मार्गावर होतो. तिथे ब्लॉकच्या यंत्रातून गोळा काढून ड्रायव्हरला दिल्याशिवाय गाडी सुटत नसे, आणि समोरच्या स्टेशनमास्तरने त्याच्या यंत्राची कळ दाबून धरल्याशिवाय आपल्या यंत्रातून गोळा निघत नसे. एकट्याच्या ताकदीचं ते कामच नव्हतं. खेळवाल्यांनीही असंच काहीतरी काढलं आहे. दोन्ही घरं आधी एका तिसऱ्या सर्व्हरला हाक मारतात. त्याला दोघांचे बाहेरून दिसणारे पत्ते कळतात. तो याचा पत्ता त्याला सांगतो, त्याचा याला. मग दोघेही साधारण एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट सोडतात. पहिलं पॅकेट बहुधा समोरच्या दारावर आपटून मरतं.

पण ते फुकट जात नाही. बाहेर पडताना त्याने आपल्याच राउटरच्या वहीत नोंद करून ठेवलेली असते. म्हणजे ते समोरच्याचं दार उघडत नाही, आपलं उघडतं. आता तिकडून येणाऱ्याला वाट आहे.

नातवाने हे सांगितलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. नाम घेतलेलं देवापर्यंत पोचतं का, हा प्रश्न मला पत्नी गेल्यापासून छळतो आहे. रामानुजांच्या परंपरेत यावरूनच दोन तट पडले: माकडाच्या पिलाने आईला घट्ट धरायचं, की मांजरीने पिलाला तोंडात उचलायचं. मी दोन्हीकडे रेंगाळून आलो. पण घेतलेलं नाम पोचो न पोचो, त्याने माझ्या बाजूची झडप निघते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुक्ताईचंही आता कळल्यासारखं वाटतं. ढकलून ती आत गेली असती. ज्ञानेश्वर बाहेर आले नसते.

त्या तिसऱ्या सर्व्हरबद्दलही सांगायला हवं. दारं उघडलीच नाहीत तर काही खेळ सगळं बोलणं मधल्या यंत्रातून फिरवतात. चालतं, पण वेळ लागतो आणि प्रत्येक शब्द मधल्याच्या हातून जातो. पत्ता सांगून बाजूला होणारा गुरू आणि गाभाऱ्याच्या दारातून न हलणारा मध्यस्थ यांतला फरक मंडळातल्या बुवांना मी असा समजावला. ते हसले. पटलं असावं, किंवा चहा आला होता.

दुरुस्तीचं म्हणाल तर घरात राउटरच दोन निघाले. फायबरचा डबा आणि आम्ही हौसेने घेतलेला दुसरा, म्हणजे ताटीमागे ताटी. दुसऱ्याला ब्रिज मोडवर टाकून त्याची ताटी काढली. खेळाला लागेल तेव्हा दार उघडून घेता यावं म्हणून यूपीएनपी चालू केलं. तरी टाइप ३. मग फायबर जोडणाऱ्या मुलाने राउटरच्या पानावरचा बाहेरचा नंबर बघितला. तो १००.७२ ने सुरू होत होता. “आजोबा, हे सीजीनॅट. पुढे अजून एक दार आहे, ते कंपनीकडे.”

जुन्या पद्धतीचे पत्ते बत्तीस बिटांचे, सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. तेव्हापासून कंपन्या कित्येक घरांना एकाच पत्त्यामागे बसवतात. वेगळा पत्ता हवा तर दरमहा वेगळे पैसे. नातू चिडला. मला प्रारब्ध आठवलं, पण त्याच्यासमोर बोललो नाही.

शेवटी नागपूरने सोडवलं. तिकडे पत्ता खरा होता. आतेभावाने राउटरमध्ये खेळाचं पोर्ट उघडून ठेवलं. एक दार सताड उघडं असलं की दुसऱ्याने आतून नुसती हाक दिली तरी भागतं.

रात्री साडेअकराला पडद्यावर जमिनीतून एक सोनेरी आकृती उठली. खेळात नमस्काराचं बटण आहे. आकृती कमरेत वाकली, नातवाचा योद्धाही वाकला. मी देवघरातला दिवा बघायला उठलो. तेल संपत आलं होतं.