जिवंत तार

अंगारकीला राजूरच्या गणपतीपुढे रांगेत उभा होतो. माथ्यावरचे दिवे एकदाही मिणमिणले नाहीत, आणि ते कुणाच्या ध्यानातही आले नाही.

मला मात्र तारेवरचा माणूस आठवला. मोठ्या वाहिन्यांची दुरुस्ती प्रवाह चालू ठेवूनही करतात. बंगळूरच्या हॉटलाइन केंद्रात ती विद्या शिकवतात. धातूच्या धाग्यांचा पोशाख चढवून, विद्युतरोधक शिडीवरून लाइनमन 400 किलोव्होल्टच्या तारेला जाऊन मिळतो. तिच्याच दाबावर आला, की पाखरासारखा सुरक्षित. मात्र मनोऱ्याच्या पोलादापासून ठरलेले अंतर राखून. मातीशी नाते जपा, असे आपण पोरांना सांगत आलो. येथे ते तुटले तरच जीव वाचतो!

पण माझ्या दिव्यासाठी त्याने तेथे चढावे का? दवाखान्यासाठी म्हणाल, तर मान्य. तार मात्र दवाखाना आणि लग्नाचा मांडव असा भेद करीत नाही. मला वाटते, त्या शिक्षणातला मोठा धडा चढण्याचा नाहीच. पाऊस वा विजांचा संभव दिसताच ‘आज नाही’ म्हणण्याचा आहे. तो ऐकून घेणाऱ्यालाही कुणी शिकवायला हवा. गेल्या आषाढात तासभर अंधार झाला, तेव्हा मी वीजकचेरीत फोन करून नको ते बोललो. बाहेर पाऊस कोसळत होता.