दुसऱ्याच्या खेळात भर घालताना

व्हिडिओ गेममध्ये मूळ निर्मात्यांखेरीज इतरांनी, बहुधा खेळाडूंनीच, केलेल्या बदलाला मॉड म्हणतात. आयडी सॉफ्टवेअरने १९९३ साली आणलेल्या ‘डूम’मध्ये नकाशे, चित्रे आणि आवाज मुख्य प्रोग्रामपासून वेगळ्या ‘वॅड’ फाइलमध्ये ठेवले होते. त्यामुळे प्रोग्रामला हात न लावता नवे नकाशे जोडता येऊ लागले आणि हौशी मंडळींना हे दालन खुले झाले. १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’वर बेतलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मॉड इतका लोकप्रिय झाला, की पुढच्याच वर्षी ‘हाफ-लाइफ’ची निर्माती कंपनी वाल्व्हने तो स्वतंत्र गेम म्हणून विक्रीला आणला. अशा यशोगाथा नेहमी सांगितल्या जातात. मॉड करणाऱ्याला खरे शिकवते ते मात्र रोजचे, कमी झळाळीचे काम, आणि त्याचा सर्वांत समृद्ध नमुना म्हणजे बेथेस्डाचा ‘स्कायरिम’.

हा गेम नोव्हेंबर २०११ मध्ये आला आणि तीनच महिन्यांनी कंपनीने मॉड बनवण्याचे साधन खेळाडूंच्या हाती दिले. ‘स्कायरिम’मधली प्रत्येक वस्तू, प्रत्येक पात्र ही एक नोंद असते. मॉड त्या नोंदीची बदललेली प्रत सोबत आणतो, आणि एकाच नोंदीवर दोन मॉडनी दावा सांगितला तर शेवटी लोड होणाऱ्याची प्रत चालते. एका मॉडने लोखंडी तलवारीची धार वाढवली आणि नंतर लोड होणाऱ्या दुसऱ्याने फक्त तिचे वजन घटवले, तर वाढलेली धार नाहीशी होते. कारण दुसऱ्या मॉडने वजनाबरोबर तलवारीची अख्खी नोंद आणलेली असते, जुन्या धारेसकट. दोघांचेही काम आपापल्या जागी बिनचूक असते. मग कोणीतरी दोन्ही बदल एकत्र करणारा जोड-पॅच तयार करतो. लोड ऑर्डर, म्हणजे मॉड लोड होण्याचा क्रम, हा म्हणूनच या समुदायातला अखंड चर्चेचा विषय आहे.

यातून संयम शिकावा लागतो. मॉड बनवण्याच्या साधनात काम करताना एखादे भांडे चुकून जरासे सरकले, तरी तो बदलही मॉडमध्ये नोंदवला जातो आणि दुसऱ्या कोणाच्या मॉडशी त्याची टक्कर होऊ शकते. जाणते मॉडर प्रकाशनापूर्वी असे अनावश्यक फेरफार शोधून काढून टाकतात. जितक्या कमी नोंदींना हात लागेल, तितका मॉड इतरांच्या सोबतीने नीट चालतो. ही शिस्त कल्पकतेइतकीच मोलाची आहे, आणि नवख्यांना ती सर्वांत उशिरा उमगते.

मॉडच्या स्क्रिप्टचे, म्हणजे गेममध्ये चालणाऱ्या छोट्या आज्ञावलींचे, अवशेष खेळाडूच्या सेव्ह फाइलमध्ये उतरतात. खेळ मध्यावर आल्यावर मॉड काढला, तर ते मागे राहतात आणि कितीतरी तासांची प्रगती बिघडू शकते. म्हणून मॉड सुरक्षितपणे काढता येतो का, तो कशावर अवलंबून आहे, कशाशी जुळत नाही, हे माहितीपत्रकात लिहिणे हा निर्मितीचाच भाग ठरतो.

पायाही स्थिर नसतो. पुष्कळ मोठे मॉड स्क्रिप्टची क्षमता वाढवणाऱ्या ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ या जोड-प्रोग्रामवर उभे आहेत, आणि तो गेमच्या प्रोग्राममधल्या नेमक्या पत्त्यांवर विसंबतो. नोव्हेंबर २०२१ च्या अपडेटमध्ये बेथेस्डाने नवा कंपायलर वापरला, पत्ते बदलले आणि त्यावरचे प्लगइन नव्याने बांधावे लागले. हे काम बहुतांशी विनामोबदला झाले.

मोबदल्याचा प्रश्न त्याआधीच, एप्रिल २०१५ मध्ये, पेटला होता. वाल्व्ह आणि बेथेस्डा यांनी ‘स्कायरिम’चे मॉड विकण्याची सोय केली. किमतीचा २५ टक्के वाटा मॉडरला, उरलेला ७५ टक्के या दोन कंपन्यांना. मासेमारीचा एक विकाऊ मॉड लगेच मागे घ्यावा लागला, कारण तो दुसऱ्याच्या मोफत मॉडमधल्या हालचालींवर अवलंबून होता. चार दिवसांत सगळी योजनाच गुंडाळली गेली. मॉडरने पैसे मागणे गैर नव्हते. इतक्या कष्टांचे मोल मागण्याचा हक्क कोणालाही असतो. पण हे जग एकमेकांकडून मोफत घेतलेल्या चित्रांवर, स्क्रिप्टवर आणि सल्ल्यांवर उभे राहिले होते. त्यातल्या एकाच तुकड्यावर किंमत लावताच बाकीच्यांचा वाटा किती, हे ठरवायला कोणताही हिशेब हाताशी नव्हता.

म्हणून परवानगीला इथे फार महत्त्व आहे. कोणाचे काय वापरले याचा उल्लेख आणि पुढच्याला काय वापरता येईल याची अट, दोन्ही मॉडसोबत दिले जाते. जुलै २०२१ मध्ये ‘नेक्सस मॉड्स’ या मॉड वाटपाच्या संकेतस्थळाने जाहीर केले, की यापुढे फाइल कायमच्या पुसल्या जाणार नाहीत, संग्रहात ठेवल्या जातील. हेतू असा, की अनेक मॉड एकत्र बांधलेले संच एखादी फाइल गायब झाल्याने मोडू नयेत. आपले काम मागे घेण्याचा हक्क गेला, म्हणून काही मॉडर आपल्या फाइल काढून घेऊन बाहेर पडले. दोन्ही बाजूंना आधार आहे. मात्र दुसऱ्याने ज्यावर इमारत रचली ते अचानक काढून घेण्याची किंमत तिसराच, खेळणारा, मोजतो. काही मॉडर हा पेच आधीच सोडवून ठेवतात. आपण ठरावीक काळ संदेशांना उत्तर दिले नाही, तर हा मॉड कोणीही दुरुस्त करून पुढे चालवावा, असे ते परवानगीच्या अटींत लिहून ठेवतात.