भिंतीआडची सचोटी

नळकारागिराचे बहुतेक काम अखेरीस गिलाव्याखाली जाते, आणि एकदा फरशी बसून भिंत रंगली म्हणजे सांधा निगुतीने जोडला होता की घाईने, हे त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक राहत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वर्षभराचा अभ्यासक्रम पुरा करून बीड, माजलगाव वा अंबाजोगाईच्या एखाद्या बांधकामावर मिस्त्रीच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्याला हे सत्य प्रथम उमगते, ते भिंत बुजविण्यापूर्वीच्या चाचणीच्या दिवशी.

त्या दिवशी साऱ्या नळ्यांत पाणी भरून, तोंडे बंद करून, हातपंपाने नेहमीहून अधिक दाब देतात आणि दाबमापकाचा काटा स्थिर राहतो की नाही हे पाहत थांबतात. काटा उतरला, म्हणजे कोठेतरी सांधा पाझरतो. कोपरात नळी पुरती बसली नसेल, अथवा सोल्युशन धरण्यापूर्वीच हात काढला असेल; दिसायला मात्र तो सांधा इतरांसारखाच असतो. चिकटविलेली प्लास्टिकची नळी उकलता येत नाही. तेवढा तुकडा कापून नवा सांधा जोडावा लागतो. अशा वेळी जो मिस्त्री शिष्याचा सांधा त्याच्याच हातून कापवितो, तो त्याला कोणत्याही सनदेत न मावणारी विद्या देतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने करारनामा, विद्यावेतन आणि कामाचे तास यांची तजवीज केली, हे उचितच झाले. परंतु सचोटीची तजवीज कायद्याला करता येत नाही, ती उस्तादाच्या आचरणातूनच उतरते.

बीड जिल्ह्यात या सचोटीचे मोल अधिक आहे. याच जिल्ह्यातील धनेगावचे मांजरा धरण आटल्यामुळे 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी वीस लिटरांच्या आसपास पाणी वाया घालवितो, आणि जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी ठरविलेला दैनिक वाटा आहे 55 लिटरांचा. म्हणजे एका हलगर्जी सांध्यापायी कोणा अपरिचिताचा तृतीयांश हिस्सा जमिनीत मुरतो. याच बीडजवळ निजामशाही अमलात, मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, सलाबतखानाने बांधविलेली खजाना विहीर आहे. तिच्या भूमिगत कालव्यांनी शतकानुशतके शेतीला पाणी पोचविले. ज्या मजुरांनी ते खोदले, त्यांचे काम त्यांच्या हयातीतच डोळ्यांआड झाले होते.

तथापि सारा भार कारागिरावर टाकणे अन्यायाचे होईल. चाचणीसाठी एक दिवस मागणाऱ्या मिस्त्रीला "फरशीवाला खोळंबला आहे" म्हणून आपणच घाई करतो, मजुरीत घासाघीस करतो, आणि पुढे भिंतीला ओल आली की सारा दोष त्याच्या माथी मारतो. उमेदवार मुलगा हेही पाहत असतो, आणि मालकाला सचोटीपेक्षा उरक प्रिय आहे, हा धडाही तो तितक्याच तत्परतेने शिकतो. म्हणून ज्यांच्या घराचे बांधकाम चालू आहे, त्यांना एवढीच विनंती: भिंत बुजविण्यापूर्वी तो एक दिवस द्या, त्या दिवसाची मजुरी बिनतक्रार द्या, आणि आपला सांधा स्वतः कापून पुन्हा जोडणाऱ्या मुलाला विलंबाबद्दल बोल लावू नका.