व्याकरणापासून वैचारिक लेखनापर्यंत

माध्यमिक शाळेत मराठीचे व्याकरण, अलंकार आणि वैचारिक लेखन हे तीन घटक वेगवेगळ्या तासांना आणि बहुधा वेगवेगळ्या वह्यांत शिकवले जातात. दहावीच्या कुमारभारतीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत भाषाभ्यासाला 16 आणि उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत. म्हणजे निम्मे गुण भाषा कशी चालते आणि ती कशी वापरावी यासाठीच राखलेले आहेत. तरीही समास सोडवणारा विद्यार्थी पत्र लिहिताना त्या ज्ञानाकडे वळत नाही. या तिन्ही घटकांचा विषय एकच आहे: एखादी गोष्ट अनेक प्रकारे सांगता येत असताना त्यातला कोणता प्रकार निवडायचा आणि का. हा संबंध वर्गात उघड झाला नाही, तर व्याकरण पाठांतरात अडकते आणि निबंध मार्गदर्शिकेतून उतरतो.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी असलेल्या पिंपळनेरसारख्या गावात हा प्रश्न अधिक ठळक होतो. येथे घराघरांत अहिराणी बोलली जाते. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातून येणाऱ्या मुलांची घरची बोली कोकणी, भिल्ली किंवा मावची असते. पाठ्यपुस्तकाची मराठी ही त्यांच्यापैकी बहुतेकांची दुसरी भाषा आहे, पण शिकवताना ती पहिली असल्याचे गृहीत धरले जाते.

याचा परिणाम पाहायला सामान्यरूपाचा धडा पुरेसा आहे. प्रमाण मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी नाम बदलते: घर, पण घराला, गाव, पण गावाला, बाप, पण बापाला. अहिराणीत मूळ नाम बहुधा तसेच राहते आणि प्रत्यय थेट जोडला जातो: घरले, गावले, बापले, घरमा, वावरमा. शेजारच्या गुजरातीतही ‘घरमां’ असेच चालते. अहिराणी बोलणारा मुलगा वहीत ‘झाडला पाणी घातले’ असे लिहितो, तेव्हा त्याने प्रमाण मराठीचा प्रत्यय उचललेला असतो आणि नाम मात्र स्वतःच्या बोलीच्या नियमाने ठेवलेले असते. ही चूक नियमाने झालेली आहे, म्हणून ती नियमानेच दुरुस्त होते. फळ्यावर ‘झाडले’ आणि ‘झाडाला’ शेजारी शेजारी लिहिले की सामान्यरूप म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा लवकर कळते. किंबहुना ज्याच्या घरी सामान्यरूप फारसे नाही, त्यालाच ते डोळ्यांत भरते. ज्याला ते जन्मतः मिळाले, त्याला ते दिसतही नाही.

उच्चाराचेही तसेच. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो: डोळा–डोया, काळा–काया, केळी–केयी. एवढे सांगून शिक्षक थांबले, तर मुले प्रत्येक ‘य’ बदलू लागतील. ‘माय’ मात्र मायच राहते. कोणता ‘य’ बदलतो आणि कोणता नाही, याची यादी मुलांनीच घरच्या बोलण्यातून जमवली, तर उदाहरणे गोळा करणे, नियम मांडणे आणि अपवाद तपासणे ही व्याकरणकाराच्या सगळ्या पायऱ्या त्यांच्या हातून घडतात. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये आले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात खानदेशीची, म्हणजे अहिराणीची, नोंद 1907 च्या खंडात आहे. त्या सर्वांनीही याच रीतीने काम केले. बोलीला अशुद्ध म्हणून गप्प करणाऱ्या वर्गात हे घडत नाही, आणि तेथे नुकसान बोलीचे होते तितकेच प्रमाण मराठीचेही होते.

व्याकरण निवडीचे असते हे सर्वांत स्पष्ट दिसते ते प्रयोगात. ‘ठेकेदाराने झाडे तोडली’ या वाक्यात क्रियापद झाडांप्रमाणे चालते. झाड एक असेल तर ‘तोडले’ होईल. हा कर्मणी प्रयोग आहे आणि कर्ता त्यात हजर आहे. ‘झाडे तोडण्यात आली’ असे म्हटले की कर्ता नाहीसा होतो आणि वाक्य तरी पूर्ण वाटते. सरकारी सूचना आणि वर्तमानपत्रातल्या बातम्या अशा वाक्यांनी भरलेल्या असतात. प्रयोग ओळखा, एवढ्यावर प्रश्न संपवण्यापेक्षा कर्ता का गाळला हे विचारले, तर विद्यार्थ्याला वाचनाचे एक हत्यार मिळते. कर्ता गाळणे दर वेळी लपवाछपवी नसते. कोणी केले हे महत्त्वाचे नसेल तेव्हा तेच योग्य ठरते. कोणत्या वेळी काय, हा निर्णय मुलांना करू द्यायला हवा.

अलंकारांची स्थिती याहून वाईट आहे. ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, अशा खुणांवर परीक्षा निभावते. खरे तर हे अलंकार एका चढणीवरचे टप्पे आहेत. पांझरा आईसारखी आहे, ही उपमा. येथे साम्याचा दावा सावध आहे. पांझरा जणू आईच, ही उत्प्रेक्षा. पांझरा ही या खोऱ्याची आई, हे रूपक. दोन्ही एक झाल्या. ही नदी नव्हे, आई आहे, ही अपन्हुती. मूळ वस्तूच नाकारली गेली. लेखक वाचकाकडून दर टप्प्यावर अधिक संमती मागतो. ती मिळणार नसेल तेथे रूपक भडक वाटते आणि साधी उपमा काम करते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उपदेशाचे तीन प्रकार मानले: मालकासारखा आज्ञा देणारा, मित्रासारखा समजावणारा आणि प्रियेसारखा मन वळवणारा. काव्याला त्याने तिसऱ्या प्रकारात ठेवले. म्हणजे अलंकार आणि पटवून देणे यांचे नाते आपल्या परंपरेत जुनेच आहे. खानदेशातल्या शिक्षकाला उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी, जी 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली, दृष्टांताने विचार कसा पटतो हे शिकवायला पुरेशी आहेत.

वैचारिक लेखनात मोबाइल शाप की वरदान, अशा विषयांवर चार फायदे, चार तोटे आणि शेवटी नाण्याला दोन बाजू असतात, असा साचा ठरून गेला आहे. या लेखनाला वाचक नसतो, म्हणून त्याला मतही लागत नाही. न्यायशास्त्राने वादाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. शाळा सुटण्याच्या वेळेला जुळणारी एसटी मागणाऱ्या पत्रात ते जसेच्या तसे उतरतात. बसची वेळ बदलावी, ही प्रतिज्ञा. शेवटच्या तासाला बाहेरगावची मुले उठून जातात, हा हेतू. जेथे वेळ जुळते तेथे ती तासाला बसतात, हे उदाहरण. आमच्या शाळेची स्थिती तीच आहे, हा उपनय. म्हणून वेळ बदलावी, हे निगमन. याला पूर्वपक्षाची जोड हवी: आगारप्रमुख कोणती अडचण सांगतील हे आधीच लिहून त्याला उत्तर देणे. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडता येणे हीच या वयातली खरी कसोटी आहे.

या वयाची मुले असे लिहू शकतात याचा पुरावा मराठीत आहे. मुक्ता साळवे ही जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. वेद आमचेच आहेत, हा ब्राह्मणांचा दावा ती खोडत बसत नाही. तो मान्य करते आणि विचारते, की मग आमच्याजवळ धर्मग्रंथच नाही, तर आमचा धर्म कोणता? प्रतिपक्षाचेच विधान घेऊन त्याला अडचणीत आणणारी ही युक्ती आजही वर्गात तपशिलाने वाचण्याजोगी आहे. तिच्या लेखनामागे सोसलेले दुःख होते आणि समोर वाचक होते.

वाचक पुरवणे हे शाळेचे काम आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ लिहीत. पुढे ‘विद्यार्थी’ मासिकही काढले. ज्यांच्यासाठी मजकूर लिहिला तीच मुले तो वाचत. भित्तिपत्रक, खऱ्या कार्यालयाला खरोखर पाठवलेले पत्र, ग्रामसभेपुढे मांडलेली मागणी यांनी आजही हे साधते. पत्राला उत्तर आले नाही, तर दुसरे पत्र लिहावे लागते आणि तेव्हा पहिल्यातला हेतू कुठे लंगडा होता हे शोधावे लागते.

तपासणीची पद्धत मात्र बदलावी लागेल. लाल शाईने सर्व चुका दाखवलेली वही मुले मिटून ठेवतात. एका लेखनात एकच व्याकरणघटक तपासावा: या पत्रात सामान्यरूपे, पुढच्यात ‘फूल’चे ‘फुलाला’ होताना ऱ्हस्व होणारा उकार, त्यानंतर गळलेले कर्ते. युक्तिवादासाठी वेगळा शेरा द्यावा आणि पहिले वाचन शेजारच्या बाकावरच्या मुलाने करावे. त्याला न कळलेले वाक्य त्याने अधोरेखित करावे. लिहिणाऱ्याने ते तोंडी, लागल्यास अहिराणीत, समजावून सांगावे आणि मग नव्याने लिहावे.